कानातला खर्ज

सन १८१६ मध्ये पॅरिस येथे रेने लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून ती रुग्णाच्या छातीला लावली आणि पुढे १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यांनी त्याच युक्तीला दोन्ही कानांत बसणाऱ्या नळ्यांचे रूप दिले, तेव्हा त्या दोघांच्याही मनात संगीताचा विचार असण्याचे काही कारण नव्हते; तथापि कानात घालून ऐकण्याच्या साधनांचा, विशेषतः त्यांतून उमटणाऱ्या खर्जाचा, इतिहास लिहावयाचा झाल्यास आरंभ या वैद्यकीय नळीपासूनच करणे मला उचित वाटते. हृदयाचा ठोका हा फार खालच्या पट्टीतला ध्वनी आहे; त्याची कंपने बहुतांशी सेकंदाला वीस ते दीडशे यांच्या दरम्यान पडतात. नळीचे टोक कानाच्या छिद्रात घट्ट बसले, म्हणजे नळीतली आणि कानातली हवा मिळून एकच बंद कोठडी तयार होते, आणि एका टोकाला दाबात झालेला सूक्ष्म फेरफार दुसऱ्या टोकाला कानाच्या पडद्यावर जाऊन पोचतो. तेच टोक किंचित सैल पडले की हवेला पळवाट मिळते आणि सर्वांआधी खोल ध्वनी निघून जातो. ‘दमदार बेस’चा इअरफोन पाचशे रुपयांत घ्यावा, पाच हजारांत घ्यावा की त्याहूनही अधिक मोजावे, या आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या नळीच्या टोकाशी आहे, आणि ध्वनियंत्रांच्या उद्योगाला ते पुरतेपणी उमगावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

संगीत कानाशी आले ते दूरध्वनीच्या मार्गाने. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेराच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक बसवून तेथील गायन तारेने प्रदर्शनाच्या दालनात आणले, आणि प्रत्येक श्रोत्याच्या दोन्ही कानांसाठी दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे ठेवली. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकला की ऐकणाऱ्यालाही तो सरकल्याचे जाणवे. पुढे १८९० पासून हीच सेवा ‘थिआत्रोफोन’ या नावाने वर्गणी भरणाऱ्यांच्या घरोघर पोचली आणि १९३२ पर्यंत चालली. अमेरिकेत याच सुमारास, १८८९ पासून, नाणे टाकून फोनोग्राफ ऐकण्याची दुकाने निघाली. तेथे लोक स्टेथोस्कोपासारख्याच रबरी नळ्या कानांत घालून उभे राहत. या काळातील ज्या माणसाचे नाव आज इअरफोन वापरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते आणि ते असावे असे मला मनापासून वाटते, तो म्हणजे फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मर्काडिए. १८९१ मध्ये त्याने अमेरिकन पेटंट-दप्तरात नोंदविलेले श्रवणयंत्र वजनाला पन्नास ग्रॅमच्या आत होते, ते कानाच्या छिद्रात बसे, आणि कानाला घासू नये म्हणून त्याच्या टोकावर रबरी आवरण चढविण्याची तजवीज त्याने केली होती. आज प्रत्येक इअरफोनच्या पेटीत लहान, मध्यम व मोठ्या अशा ज्या रबरी टोप्या येतात, त्यांचे पूर्वरूप त्या अर्जात सापडते.

परंतु यंत्र कानात नीट बसले तरी त्यातून येणाऱ्या ध्वनीत खर्ज असावयास हवा, आणि तो तेव्हा नव्हता. दूरध्वनीचे काम बोलणे कळण्यापुरते होते. ध्वनिमुद्रणाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. कर्ण्यासमोर गावयाचे आणि त्या स्वराच्या जोराने सुई हलवून मेणावर रेघ उमटवावयाची, अशी ती पद्धत असल्याने फार खालचे स्वर सुईपर्यंत पुरेशा शक्तीने पोचत नसत. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानसारख्या गायिकांचे ध्वनिमुद्रण झाले, ते याच पद्धतीने. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो आणि तानपुऱ्यावरील खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास, बोलते. हे मूळ कंपन त्या काळच्या तबकडीवर जवळजवळ उतरतच नसे. असे असूनही श्रोत्यांना खर्जाचा भास होई, याचे कारण आपल्या श्रवणेंद्रियाच्या एका विलक्षण शक्तीत आहे. कोणत्याही स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सहध्वनी वाजत असतात, आणि मूळ स्वर गहाळ असला तरी या सहध्वनींच्या परस्परांतील अंतरावरून मेंदू त्याचा ठाव घेतो. आजचा मोबाइल फोन आपल्या चिमुकल्या भोंग्यातून ढोलकीचा ठेका ऐकवतो, तोही मुख्यतः याच शक्तीच्या बळावर. मात्र स्वर ओळखता येणे वेगळे आणि त्याचा भार कानावर पडणे वेगळे. तो भार तबकडीवर येण्यास १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विद्युत् ध्वनिमुद्रण व्यापारात आले, त्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याच्या ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध केली, आणि खर्जाला यंत्रसृष्टीत प्रथमच हक्काची जागा मिळाली.

दरम्यान कानावरच्या यंत्राने निराळीच वाट धरली होती. युटा राज्यातील नॅथॅनिअल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास आपल्या घराच्या स्वयंपाकघरात बसून एक अत्यंत संवेदनशील श्रवणयंत्र सिद्ध केले आणि ते अमेरिकेच्या नौदलाकडे पाठविले. नौदलाने त्याची मागणी केली, पण घरच्या घरी काम चालत असल्याने एका वेळी मोजकेच नग पुरविण्याची मुभा त्याने मागून घेतली. त्याच्या यंत्रात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये एक लोखंडी पाती समतोल राखून धरलेली असे, आणि अत्यल्प विद्युत्प्रवाहानेही ती हले. बिनतारी संदेश ऐकणाऱ्याला हेच हवे होते. १९२७ च्या जुलै महिन्यात मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा साध्या क्रिस्टल-संचाला विजेची जोड नसल्याने त्यावर ऐकणाऱ्यांना कानाला यंत्रे लावण्यावाचून गत्यंतर नसे. समतोल पातीची ही रचना पुढे श्रवणदोष असणाऱ्यांच्या यंत्रांत गेली आणि तेथे ती इतकी सूक्ष्म होत गेली की आज तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या आकारात ती मिळते. तिची मर्यादा मात्र जन्मजात राहिली. ती हवा फारशी ढकलू शकत नाही, त्यामुळे कान पूर्ण बंद असल्याखेरीज तिच्याकडून खर्जाची अपेक्षा करता येत नाही.

या ठिकाणी १९३३ च्या एका संशोधनाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण बेसच्या व्यापाराची सगळी भिस्त त्यावर आहे. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी असे दाखविले की मानवी कान सर्व पट्ट्यांतील ध्वनी सारख्या न्यायाने ऐकत नाही. आवाज लहान असता खालच्या पट्टीबाबत तो विशेष मंद असतो, आणि आवाज वाढत जाईल तसतशी ही तफावत कमी होत जाते. म्हणजे मैफिलीत समोर बसून ऐकलेला डग्ग्याचा घुमारा घरी हळू आवाजात ऐकू लागलो तर प्रमाणाबाहेर फिका पडतो, आणि तो परत आणावयाचा तर एक तर एकंदर आवाज चढवावा लागतो, किंवा खर्ज तेवढा मुद्दाम उचलून द्यावा लागतो. बेसची आवड ही केवळ उथळ अभिरुची आहे असे मानणाऱ्या जाणकारांनी हा दाखला ध्यानी घ्यावा.

एका कानात घालावयाच्या, ट्रान्झिस्टरसोबत मिळणाऱ्या बोंडासारख्या यंत्राविषयी येथे विस्तार करीत नाही. क्रिकेटचे धावते वर्णन आणि विविध भारतीवरील गाणी त्यातून अनेकांनी ऐकली, पण खर्जाशी त्याचा संबंध नव्हता. बर्लिनमध्ये ऑइगेन बायर यांनी १९३७ मध्ये हलत्या वेटोळ्याचा पहिला हेडफोन विकावयास काढला, आणि मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये दोन्ही कानांना स्वतंत्र संगीत देणारा हेडफोन घरगुती श्रोत्यापुढे ठेवला. पण ही यंत्रे अवजड, बैठकीत बसून ऐकावयाची.

१ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात वॉकमन विक्रीस आणला. किंमत ३३,००० येन; सोबत पन्नास ग्रॅमच्या आत वजनाचा, कानांवर स्पंजाच्या दोन चकत्या टेकविणारा हेडफोन. संगीत रस्त्यावर आले, आगगाडीत आले, आणि आपल्याकडे ते पोचले ते बहुधा परवान्याच्या व जकातीच्या आडवाटेने. परदेशी विद्युत्-वस्तूंवर तेव्हा आपल्या सरकारचे निर्बंध कडक होते. त्यामुळे आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील माणसांच्या सामानातून, किंवा मुंबईत मनीष मार्केटसारख्या ठिकाणांहून, हा ऐवज मध्यमवर्गीय घरांत शिरला. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा पूर आला; कोळीगीते, भीमगीते, लोकगीते, भक्तिगीते यांना तबकडीच्या कंपन्यांनी जी संख्या कधी दिली नसती ती कॅसेटने दिली. दुरुस्तीचे डुप्लिकेट भाग आणि इअरफोन यांची पेठच मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वाढत गेली, आणि तुटलेल्या वायरीला डाग देऊन तोच इअरफोन पुन्हा चालू करून देणारे कुशल हात तेथे तयार झाले. या कारागिरांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, तो लिहिला जावा.

१९८२ मध्ये सोनीने एमडीआर-ई२५२ हा कानाच्या पाळीत अडकवावयाचा इअरफोन आणला आणि डोक्यावरची पट्टीही गेली. सोय मोठी झाली, पण ध्वनीच्या दृष्टीने पाहता हे पाऊल मागे पडले असे माझे स्पष्ट मत आहे. दीड सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची ही चकती कानाच्या दाराशी नुसती टेकून राही. दार उघडेच असल्याने खर्ज बाहेर निसटे. १८५२ चा स्टेथोस्कोप जे जाणत होता, १८९१ च्या रबरी टोपीने जे साधले असते, ते या काळात कोणाच्या लक्षात राहिले नाही, आणि गळती थांबविण्याऐवजी पुरवठा वाढविण्याचा मार्ग उद्योगाने पत्करला: दशकाच्या उत्तरार्धात वॉकमनवर ‘मेगा बेस’ची कळ आली, जी दाबली की खालची पट्टी विद्युन्मार्गाने फुगविली जाई. २००१ मध्ये आयपॉडसोबत आलेले पांढरे इअरफोन जगभर मिरवले गेले, तेही याच उघड्या जातीचे होते.

घट्ट बसणाऱ्या टोपीचे पुनरागमन झाले ते दोन अगदी भिन्न ठिकाणांहून. श्रवणविज्ञानाचे अभ्यासक मीड किलियन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत एटिमोटिक रिसर्च ही संस्था स्थापन केली आणि १९९१ मध्ये ‘ईआर-४’ हा इअरफोन बाजारात आणला. समतोल पातीचे ते यंत्र, टोकाला एकावर एक तीन रबरी कडी, आणि कानात खोलवर बसविण्याची ताकीद. त्यातून मिळणारा खर्ज मोजून-मापून मूळ ध्वनीइतकाच. दुसरीकडे व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाचे ध्वनियोजक जेरी हार्वी यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. ढोलांच्या मागे बसणाऱ्या ॲलेक्स व्हॅन हेलन यांना रंगमंचावरील गदारोळात स्वतःचे वादन ऐकू येण्यासाठी भोंगे इतके चढवावे लागत की त्यांच्या कानांना अपाय होऊ लागला. हार्वी यांनी कानाचा साचा घेऊन त्या मापाचे कवच केले, त्यात खालच्या व वरच्या पट्टीसाठी दोन वेगळी यंत्रे बसविली, आणि १९९५ मध्ये त्यातून अल्टिमेट इयर्स ही कंपनी निघाली. कान बंद होताच बाहेरचा कल्लोळ घटला, आतला खर्ज टिकला, आणि आवाज कमी ठेवूनही ताल कळू लागला. एका प्रयोगशाळेतून आणि एका रंगमंचावरून निघालेले हे दोन मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळाले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

त्यानंतर सिलिकोनच्या टोप्या स्वस्त झाल्या आणि शेन्झेनच्या कारखान्यांनी दहा मिलिमीटरची हलत्या वेटोळ्याची यंत्रे अक्षरशः ढिगांनी केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन भारतात मोबाइलवरील गाणे जवळजवळ फुकट झाले. त्याच सुमारास पुढे आलेल्या बोट या भारतीय कंपनीने आपल्या वायरच्या इअरफोनला ‘बेसहेड्स’ हेच नाव दिले आणि तो पाचशे ते हजार रुपयांत महाविद्यालयीन मुलांच्या हाती ठेवला. ज्या समाजाचा कान ढोल-ताशाच्या पथकांवर, संबळ-हलगीवर आणि अलीकडे मिरवणुकीतल्या डॉल्बीवर वाढला, त्याने बेसला कौल द्यावा यात नवल नाही. ही आवड आपल्यापुरतीच आहे असेही नव्हे. हरमन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर अनेक वर्षे श्रोत्यांच्या परीक्षा घेऊन जो निष्कर्ष काढला, त्यानुसार बहुसंख्य श्रोत्यांना सपाट ध्वनीपेक्षा खालची पट्टी काहीशी उचललेलीच अधिक रुचते. तरुणांचा ओढा त्याहूनही अधिक खर्जाकडे, वयस्कांचा थोडा कमी. एटिमोटिकसारख्या कडव्या संस्थेनेही २०१६ मध्ये ‘ईआर४एक्सआर’ ही खर्ज वाढविलेली आवृत्ती काढली, यावरून या कौलाची ताकद कळावी.

आता किमतीचा हिशेब. या इतिहासाचा मथितार्थ ग्राहकाच्या भाषेत सांगावयाचा तर खर्जाचे प्रमाण पैशाने ठरत नाही, ते कानाच्या बंदिस्तीने ठरते. पैसा मोजावा लागतो तो त्या खर्जाच्या शिस्तीसाठी. टोपी सैल असेल तर शंभर कंपनांखालील ध्वनी दहा ते वीस डेसिबलनेही उतरतो, आणि इतकी तूट कोणत्याही महागड्या यंत्राने भरून निघत नाही. पाचशे ते हजार रुपयांच्या वर्गात खर्ज भरपूर मिळतो, परंतु तो आपली हद्द ओलांडून दोनशे-तीनशे कंपनांच्या प्रदेशात पसरतो आणि पुरुषी गळ्याला जाडसर, कोंदट करतो. याची परीक्षा सोपी आहे: तबल्याची साथ असलेले एखादे परिचित गाणे लावावे आणि डग्ग्यावरचा घिस्सा ऐकावा. तळहाताच्या दाबाने स्वर वर सरकत जातो तो मार्ग अखंड कळला तर खर्ज शिस्तीचा. नुसताच ‘ढुम्म’ असा एकसुरी गोळा ऐकू आला तर तो केवळ फुगवटा.

पंधराशे ते अडीच हजारांचा वर्ग हा माझ्या मते आजच्या बाजारातील सर्वांत फलदायी वर्ग आहे. चेंगडूच्या मूनड्रॉप कंपनीने २०२२ मध्ये वीस डॉलरच्या आसपास आणलेला ‘चू’ हा त्याचा चांगला नमुना. खर्ज माफक, पण गळा स्वच्छ. अधिक भार हवा असल्यास पाच हजारांच्या घरात जावे. तेथे २०२३ मध्ये आलेल्या ट्रूथिअरच्या ‘झीरो रेड’मध्ये दोन वेटोळी-यंत्रे आहेत, आणि सोबत दहा ओहमचा एक जोड दिला जातो, जो मध्ये लावला की खर्जच तेवढा वाढतो, गायन जागचे हलत नाही. वायरविरहित इअरफोन घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की त्याच्या पैशाचा मोठा भाग विजेरीला आणि बिनतारी यंत्रणेला जातो; मात्र बाहेरील आवाज खोडून काढण्याची सोय त्यात असेल तर लोकलच्या किंवा एसटीच्या घरघरीत ती खरोखर उपयोगी पडते, कारण ती घरघर खालच्याच पट्टीत असते आणि आपला बेस तीच झाकून टाकीत असते. त्यापुढे पायरी चढत गेले की सोनीच्या ‘आयईआर-झेड१आर’सारखी सुमारे १,७०० डॉलरची यंत्रे भेटतात, त्यांचा खर्ज अप्रतिम आहे, परंतु पाच हजारांहून लाखापर्यंतच्या वाटेत मिळणारी सुधारणा किमतीच्या प्रमाणात नाही, आणि कर्ज काढून ती वाट चालण्याचा सल्ला मी कोणासही देणार नाही.

कोणत्याही किमतीचा इअरफोन हाती आल्यावर पेटीतल्या तिन्ही मापांच्या टोप्या दोन्ही कानांत स्वतंत्रपणे लावून पाहाव्यात. डावा आणि उजवा कान पुष्कळदा एका मापाचे नसतात. पाळी हलकेच मागे ओढून टोपी आत बसवावी, आणि बेस कमी वाटल्यास आवाज चढविण्याआधी टोपी बदलावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीमागे हा अवधी निम्म्यावर येतो.